मुरमाड तोंड

मराठीत चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांना आणि रस्त्यावर पसरायच्या तांबड्या, खरबरीत मातीला एकच शब्द आहे, मुरूम. ज्या कुणी हा शब्द दोन्हींना दिला तो माझ्यासमोर आला तर मी त्याला उभा सोडणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या गावाबाहेर रस्त्याचं सरकारी काम निघालं. माळ फोडायचा, मुरूम काढायचा आणि पाट्यांनी वाहून रस्त्यावर टाकायचा. नेमका त्याच वर्षी तो माझ्या तोंडावरही उगवला. मी पंधरा वर्षांची होते. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, कुठे बोट टेकायला जागा नव्हती. साऱ्या गावाला आयताच विनोद मिळाला.

सकाळची शाळा सुटली की मी कामावर जायचे. तिथे पाट्या भरून द्यायला एक गडी होता. मी पाटी पुढे केली की तो फावडं थांबवायचा, माझ्याकडे निरखून बघायचा आणि मग भरायचा. एक दिवस त्याला राहवलं नाही. “आरं, माळ कशापायी उकरताय? हिच्या थोबाडातनं काढा की चार पाट्या!” तो ओरडला आणि रांगेतल्या बायासुद्धा हसल्या.

माझा थोरला भाऊ दहा पावलांवर टिकाव मारत होता. दादा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेल, डोकं कायम तापलेलं. त्यानं टिकाव खाली ठेवला, माझ्या डोक्यावरची भरलेली पाटी उचलली आणि मुरमासकट त्या गड्याच्या टाळक्यात घातली. गडी मटकन बसला तसा दादानं त्याला लाथेनं लोळवलं, छातीवर गुडघा रोवला आणि त्याच्या तोंडात मुरूम कोंबायला लागला. “खा. लई आवडतो ना तुला? खा.” मुकादम आणि चार माणसांनी ओढून काढलं तेव्हा त्या गड्याचा एक दात पडला होता आणि तो रांगत, चाचपत मुरमात तो शोधत होता. मला आत कुठेतरी गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी दादा घरी आला, हातपाय धुतले, मला हाक मारली आणि एक मुस्काटात ठेवून दिली. “तुझ्या तोंडापायी मला आज मारामारी करावी लागली,” म्हणाला आणि जेवायला बसला.

आमच्याकडे नुसतं ‘मारलं’ म्हणणं मोघम समजलं जायचं. थोबाडीत वेगळी, मुस्काटात वेगळी, कानफटात वेगळी, आणि कानसुलात बसली तर दिवसभर शिट्टी वाजायची. शाळेतले मास्तर शुद्ध बोलणारे, ते श्रीमुखात द्यायचे. सगळ्यांचा पत्ता एकच. माझ्या चेहऱ्यावर दिवसातून कुणा ना कुणाचा हात पडायचाच, आणि ज्या गालावर दादाची बोटं उठायची तिथले मुरूम दुसऱ्या दिवशी हमखास पिकायचे.

आई-वडील घरी नव्हते. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी गावं गाडी-बैल घेऊन ऊस तोडायला प्रवरेच्या बाजूला जायची, ती अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परतायची. मागे घर सांभाळायला आमच्यावर आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, विधवा, काडीसारखी वाळलेली, पण हाताला पकड अशी की सोडवून घेणं मुश्किल. गावात ती काटे काढण्यासाठी नावाजलेली. कुणाच्या पायात काटा मोडला की तो लंगडत आमच्या ओट्यावर यायचा. आत्या कमरेची चंची सोडायची. ही कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, एका कप्प्यात चुन्याची डबी, दुसऱ्यात पान-तंबाखू, तिसऱ्यात सुई, चिमटा आणि वाळलेले काटे. ती चंची आंघोळीशिवाय तिच्या कमरेची सुटलेली मी पाहिली नव्हती.

आमच्यात मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क मानतात. त्यासाठी मागणी घालावी लागत नाही, नाही म्हणायचं असलं तर कारण द्यावं लागतं. आत्याचा एकुलता एक मुलगा संगमनेरकडे ट्रकवर ड्रायव्हर होता. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत आत्याकडे राहायला गेले होते तेव्हा भाकरी करपली म्हणून त्यानं तिला कमरेच्या पट्ट्यानं मारताना मी पाहिलं होतं. बकल भुवईवर बसलं. आत्या पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली, रक्त परातीत पडू नये म्हणून मान तेवढी बाजूला केली. पुढे त्यानं तिला घराबाहेर काढलं आणि ती आमच्याकडे आली. तिची उजवी भुवई मधोमध तुटलेली होती, तिथे केस पुन्हा उगवलेच नाहीत.

त्या दिवाळीला तो आला, मला बघून गेला. जाताना ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “तोंड हाय का मुरमाड रान? साफ झालं तर कळवा, न्हाईतर मी दुसरी बघतो.” वर तोंडाला फासायच्या स्नोची एक बाटली ठेवून गेला. वडील आत्याला म्हणाले, तोंड साफ झालं आणि पोरानं हो म्हटलं तर आम्ही परत आल्यावर उरकून टाकू. मला कुणी विचारलं नाही. मी दहावीत होते, तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची, आणि मला मॅट्रिक व्हायचं होतं. गावातली एकही मुलगी तोवर झाली नव्हती. एवढं एकच मला हवं होतं, आणि ते माझ्या तोंडावर येऊन अडलं होतं.

आई-वडील ऊसतोडीला गेले आणि आत्या माझ्या चेहऱ्याला भिडली.

तिचं शास्त्र साधं होतं. पायात जसा काटा, तसं मुरमात बी. आत अडकलेलं बाहेर काढल्याशिवाय बरं वाटत नाही. दुपारी शाळेतून आल्यावर, कामावर जायच्या आधी, ती मला ओट्यावर आडवी पाडायची, माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत दाबायची, वेणी डाव्या हाताला गुंडाळायची आणि उजव्या हातानं सुरू करायची. तोंडाला लोखंड लावायचं नाही, चिघळतं, अशी तिची समजूत, म्हणून सुई माफ आणि बाभळीचा काटा पसंत. काट्यानं उकरायचं, दोन नखांत धरून पिळायचं, वर चुना. मी ओरडले की गुडघे आवळायची. “बी निघू दे. निघालं की मोकळी हुशील.” बी कधीच निघालं नाही. पू निघायचा, रक्त निघायचं, आणि एकाच्या जागी तीन यायचे.

चुन्यानं भागेना तेव्हा वज्री आली. ज्या खरबरीत वज्रीनं आम्ही टाचा घासायचो तिनं माझे गाल. त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी. उष्णता उतरावी म्हणून डोक्यावर वाटीभर करडईचं तेल, ते दिवसभर कपाळावरून ओघळायचं. सकाळी उठल्या उठल्या पारोशी थुंकी. शेजारणी येता-जाता सल्ला देऊन जायच्या, कुणी चुलीतली राख सांगायची, कुणी साय-हळदीचा जाड लेप. आणि सगळं सांगून झालं की एक वाक्य सगळ्यांचं सारखं, “लगीन झालं की जात्यात बघ आपोआप.” त्या वाक्याला मला ओरबाडावंसं वाटायचं.

कामावर धुरळा उडायचा म्हणून मी नाकातोंडाला फडकं बांधायचे. घामानं भिजलेलं, त्यात मुरमाची माती बसलेली, तेच फडकं चार चार दिवस. परत आले की हिरमुसून आरशासमोर बसायचे आणि जे आत्याकडून सुटलं असेल ते स्वतःच्या नखांनी फोडायचे. आज मला वाटतं, सगळ्या गावानं मिळून ठरवलं असतं तरी एका पोरीच्या चेहऱ्याची यापेक्षा चांगली वाट लावता आली नसती.

संक्रांतीच्या आधी डावा गाल सुजला. आत्यानं डोळ्याखालचं एक मोठं फोडलं होतं, ते आतल्या आत पसरलं. दोन दिवसांत डोळा मिटला, अंग तापलं, मी बरळायला लागले. आत्यानं त्यावरही काटा धरला तेव्हा दादानं तिचा हात पिरगळून काटा पाडला आणि मला खांद्यावर टाकून एसटी गाठली. आत्या मागून धावत आली आणि चढलीच. नगरपर्यंत मी दादाच्या मांडीवर होते आणि तो प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या देत होता.

नगरच्या दवाखान्यात जी नर्सबाई भेटली ती ख्रिस्ती होती, पांढरी साडी, केस चापून बांधलेले, पन्नाशीची. तिनं माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

आत्या अभिमानानं पुढे झाली. “म्याच काढते तिचं. ह्ये बघा, हितं अजून एक बी राहिलंय,” म्हणत तिनं बोट माझ्या गालाकडे नेलं. नर्सबाईनं ते मनगट हवेतच पकडलं, असं, की आत्या कळवळली. “हा हात परत हिच्या तोंडाला लागला तर मी पोलिसांत देईन. डोळा जाणार होता पोरीचा. मेंदूपर्यंत गेलं असतं तर जीवही गेला असता.” आत्याशी कुणी या आवाजात बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दादा भिंतीला टेकून खाली बसला.

इंजेक्शनं झाली, सूज उतरली, चार दिवसांनी घरी सोडायच्या वेळी नर्सबाई माझ्या खाटेवर बसली. “आत बी-बी काही नसतं बाळ. या वयात कातडीला तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात, फुगतात. वय सरलं की बहुतेकांचं कमी होतं. तुझं वाढलंय ते हातांनी. आता मी विचारीन आणि तू सांगायचं. फोडायचं का?”

“नाही.”

“नखानं?”

“नाही.”

“काट्यानं, सुईनं, कशानंच?”

“नाही.”

असं तिनं पाढ्यांसारखं घोकून घेतलं. वज्री, वीट, राख, काहीही घासायचं नाही. धुण्याचा साबण आणि सोडा कपड्यांसाठी. चुना पानासाठी. डोक्याला तेल लावायचं तर थोडं आणि केस मागे घट्ट बांधायचे, कपाळावर ओघळता कामा नये. स्नो नको, साय नको, लेप नको, जे जाड ते नको. कामावरून आलं की साध्या पाण्यानं तोंड धुवायचं आणि स्वतःच्या धुतलेल्या फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. तोंडाला बांधायचं फडकं रोज धुवायचं. मी विचारलं, लग्न झालं की जातात का? ती इतक्या जोरात हसली की पलीकडच्या खाटेवरची बाई जागी झाली. “माझं लग्न झालं तेव्हा माझ्या तोंडावर तुझ्यापेक्षा जास्त होते. नवरा होता, मुरूमही होते.” मग गंभीर होऊन म्हणाली, “सगळ्यात मोठं औषध ऐक. तोंडाला हात लावायचा नाही. तुझाही नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही.”

हे शेवटचं माझ्या घरात शक्य होतं असं तिला वाटलं असेल तर ती नगरची होती म्हणून.

पण पोलिसाच्या नावानं आत्या खरंच दबकली. दुपारचं गुडघ्यात दाबणं थांबलं. मी पाढे पाळायला लागले. पाण्याचा दुष्काळ असा की टँकरवर बायकांची डोकी फुटायची, घागरी घागरींवर आपटायच्या, पण मी रोज माझ्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या चेहऱ्यासाठी राखून ठेवायचे. दादानं एकदा ते पाहिलं आणि तांब्या लाथेनं उडवला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हिश्श्याचा तांब्या माझ्यासमोर आदळला आणि निघून गेला. त्याची माया ही अशी, आदळूनच यायची.

होळीपर्यंत माझं तोंड निवळलं. पूर्ण नाही, पण कपाळ मोकळं झालं, गाल खाली बसले. कामावर मजुरांना खायला सरकारी सुकडी वाटणाऱ्या बाईनं मला ओळखलं नाही. मी आरशात बघायचे आणि पुन्हा बघायचे. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःचं तोंड आवडायला लागणं काय असतं ते ज्याचं तोंड पहिल्यापासून गुळगुळीत त्याला कळायचं नाही. मी नुसती त्या आनंदात होते आणि पुढचं मला सुचलंच नाही.

आत्याला सुचलं. तिनं एसटीच्या कंडक्टरकडून संगमनेरला निरोप धाडला, तोंड साफ झालंय, येऊन बघून जा. त्या संध्याकाळी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी थापताना ती गुणगुणत होती. मी चुलीपाशी बसले होते. मला रडूच फुटलं. “आत्या, मला न्हाई करायचं. मला मॅट्रिक व्हायचंय. तो मारतो. तुला मारतो तसं मलाबी मारंल.”

आत्या थापत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “मारतो, व्हय. पर घरात आपुन दोघी असलो म्हंजी माझा मार निम्मा हुईल. मला माझ्या घरात जाया मिळंल.”

इतकं उघडं कुणी बोलतं? “आन् राहिलेला निम्मा कुनाचा गं, आत्या?”

तिचा हात थांबला. भाकरीला भोक पडलं. तिनं तो गोळा पुन्हा मळला आणि पुन्हा थापला. त्या रात्री ती जेवली नाही एवढं मला आठवतं.

दोन दिवस मी विचार केला. दादाला सांगावं तर तो आधी मला मारेल. आई-वडिलांना कळवावं तर ते उसाच्या कुठल्या फडात आहेत कुणास ठाऊक. आतेभाऊ म्हणाला होता तोंड साफ झालं तर. म्हणजे माझ्या हातात एकच गोष्ट होती, ते तोंड. नर्सबाईनं पाढे घोकून घेतले होते, ते मी उलटे म्हटले.

बैल ऊसतोडीला गेलेले, गोठा रिकामा. पहिल्या दुपारी मी तिथे सोड्याच्या कडक पाण्यानं तोंड धुतलं, आग आग होईपर्यंत, आणि ओल्या कातडीवर करडईचं तेल चोपडलं. वर त्याच्याच स्नोचा थर दिला, जाड, आणि त्यावर मुरमाच्या मातीचं न धुतलेलं फडकं आवळून बांधलं. दुसऱ्या दिवशी वज्री घेतली. घासताना मी शिव्या देत होते, आतेभावाला, पाट्या भरणाऱ्या त्या गड्याला, दादाला, ज्यानं तो शब्द केला त्याला, आणि मग नुसतीच माझ्या तोंडाला. ज्या गालाला मी दोन महिने तहान मारून पाणी पाजलं होतं तो मी सोलून काढला. बाहेर कुणी तरी खोकल्यासारखं वाटलं. मी वज्री लपवली, पण कुणी आत आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गोठ्यात गेले तर बैल बांधायच्या मेखेवर आत्याची चंची लटकत होती. विसरली असेल, मला वाटलं. आत बाभळीचे काटे होते. मी आरसा गव्हाणीत टेकवला आणि सुरू केलं, तिच्यासारखंच, उकरायचं, पिळायचं, चुना. फरक एवढाच की या वेळी मला गुडघ्यात दाबायला कुणी लागलं नाही. रक्त हनुवटीवरून गव्हाणीतल्या भुशात टपटपत होतं आणि मी मोजून, जागा निवडून, जिथे बसेल तिथे काटा घालत होते. माझ्या डाव्या गालावर त्या दुपारचे खड्डे आजही आहेत. नातवंडं विचारतात, देवी आल्या होत्या का गं तुला? मी हो म्हणते. त्यांना काय सांगू की हे मॅट्रिकच्या परीक्षेचं आहे.

पाचव्या दिवशी तो आला. ट्रक सडकेला लावून, अत्तर फासून, ओट्यावर घोंगडीवर बसला. आत्यानं मला पाणी घेऊन पाठवलं. मी पदर वगैरे काही ओढला नाही, तोंड सरळ त्याच्यापुढे नेलं. डावा डोळा अर्धा मिटलेला, गालाला पू, कपाळावर चुन्याचे डाग.

तो हातातला तांब्या न घेताच उठला. “हे साफ? हे बघाया मला शंभर मैल बोलावलं? कुनी केलं हे?”

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर ‘मी’ आलं होतं. पण आत्या मध्ये आली आणि म्हणाली, “म्याच केलं. माझ्याच हातानं चिघळलं. पोरीची काय चूक न्हाई.”

त्यानं पट्टा ओढला. पहिला तिच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. बकल पुन्हा त्याच भुवईवर. ती उभीच राहिली, नुसती मान बाजूला केली, त्या दिवशी परातीपाशी केली होती तशी. तिसरा बसायच्या आत मी त्याच्या हाताला लोंबकळले आणि मनगटात दात रुतवले. मांस लागेपर्यंत चावले. त्यानं मोकळ्या हातानं माझ्या सोललेल्या गालावर अशी ठेवून दिली की मला क्षणभर काही दिसेना, पण मी दात सोडले नाहीत. मग दादाचा आवाज आला. तो कामावरून परतत होता, खांद्यावर टिकाव. त्यानं टिकाव उलटा धरला आणि दांड्यानं त्या हाताच्या कोपरावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी कानानं ऐकला, वाळकं लाकूड मोडतं तसा. तो गुरासारखा ओरडला. दादानं त्याला ओट्यावरून खाली ढकललं आणि ट्रकपर्यंत मारत नेलं. ट्रकचा क्लीनर पोरगा घाबरून टपावर चढून बसला होता.

दादा धापा टाकत परत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याचा हात वर गेला. त्याची रीतच ती, बाहेर माझ्यापायी मारामारी केली की घरी येऊन मला एक. मी हलले नाही. म्हणाले, “दादा, तोंडाला हात लावायचा न्हाई.”

हात वरच राहिला. मग खाली आला. त्यानंतर त्यानं मला कधी मारलं नाही असं लिहायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. पाठीत मारायचा, दंडावर मारायचा. तोंडावर मात्र पुन्हा कधी नाही. आणि पुढच्या वर्षी मॅट्रिकच्या परीक्षेला नगरला मला तोच घेऊन गेला.

आत्या ओट्यावर बसली होती. भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. मी चूल पेटवली, पाणी उकळलं, त्यात मीठ टाकलं, माझं धुतलेलं फडकं आणलं. नर्सबाईनं माझ्या गालाचं केलं होतं तसं टिपून टिपून साफ करायला लागले. आत्याचा हात सारखा जखमेकडे जायचा.

“हात लावू नको,” मी म्हणाले.

तिनं हात मांडीवर ठेवला. मी टिपत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते गालावरच्या जखमांत जाऊन झोंबत होतं. मला तिच्यापुढे भयंकर लाज वाटत होती. ती आता तिच्या घरी कधीच जाणार नव्हती, आणि ते माझ्यामुळे. शेवटी मी बोलून टाकलं. “आत्या, तू कशाला खोटं बोललीस? हे मी केलं. माझ्या हातानं. तू चंची गोठ्यात इसरली हुतीस ना, तिच्यातलाच काटा घेतला.”

आत्यानं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कमरेची चंची चाचपली, सुटली नाही ना ते बघितल्यासारखी.

“चंची म्या कदी इसरत न्हाई, पोरी,” ती म्हणाली आणि मला नीट टिपता यावं म्हणून तोंड उजेडाकडे वळवलं.